पाण्याचा आराखडा पडद्यावर : प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२५, सोमवार

गावाचा पाण्याचा ताळेबंद आणि त्यावर बेतलेला जल सुरक्षा आराखडा. वर्डची फाइल, परिशिष्टं धरून पन्नासेक पानं. १ मेच्या ग्रामसभेत हे सगळं पडद्यावर मांडायचं आहे. ग्रामसेवक भाऊसाहेबांचा निरोप एका वाक्याचा: "मॅडम, पीपीटी करून द्या, वीस मिनिटांत झाली पाहिजे." वीस मिनिटं सभेतली, माझ्या कामाची नव्हेत, हे विचारून घेतलं.

अशा कामाची नेहमीची रीत म्हणजे एका बाजूला अहवाल, दुसऱ्या बाजूला कोरी स्लाइड, आणि कॉपी-पेस्ट. शेवटी स्लाइडवर अख्खे परिच्छेद बसतात आणि बोलणारा सभेकडे पाठ करून ते वाचून दाखवतो. शिवाय आकडा बदलला की दोन्हीकडे बदलायचा. या वेळी वेगळं करायचं ठरवलं. लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरच्या रायटरमध्ये (वर्डसारखा भाग) फाइल मेन्यूत 'सेंड' आहे आणि त्यात 'आउटलाइन टू प्रेझेंटेशन'. दस्तऐवजातली शीर्षकं उचलून तो इम्प्रेसमध्ये (पॉवरपॉइंटसारखा भाग) स्लाइड मांडून देतो. पहिल्या पातळीचं शीर्षक म्हणजे स्लाइडचं नाव, त्याखालच्या पातळ्या म्हणजे मुद्दे. बाकी मजकूर मागेच राहतो. आमच्या संस्थेच्या ऑफिसातल्या सगळ्या मशिनींवर लिबरऑफिसच आहे, आणि याच साच्यातले शेजारच्या गावांचे आराखडे पुढे येणारच आहेत. एकदा वाट पाडली की तिचा उपयोग होईल.

८ एप्रिल

फाइल उघडून आधी एफ ५ दाबलं. नॅव्हिगेटर (दस्तऐवजाचा सांगाडा दाखवणारी चौकट) उघडला, शीर्षकांची जागा रिकामी. पन्नास पानांत संगणकाच्या लेखी एकही शीर्षक नाही.

डोळ्यांना मात्र शीर्षकं ढळढळीत दिसतात: ठळक, सोळा पॉइंट, खाली रेघ. म्हणजे टाइप करणाऱ्यांनी ओळ निवडली, बी दाबला, आकार वाढवला आणि पुढे गेले. शैली, म्हणजे हे शीर्षक आणि हा साधा मजकूर असं संगणकाला सांगणारी खूण, सगळीकडे एकच, 'डीफॉल्ट'. ७.६ आवृत्तीपासून रायटरमध्ये स्पॉटलाइटची सोय आहे. ती लावली की प्रत्येक परिच्छेदाची शैली समासात रंगाने आणि आकड्याने दिसते. शैली एक तर रंगही एक. इथे पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत एकच रंग उतरत गेला. प्रकरणाचं नाव, तळटीप, तक्त्यावरची ओळ, सरपंचांच्या सहीची जागा, सगळ्यांना एकच दर्जा.

कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. एमएस-सीआयटी केलेल्या कितीतरी जणांनी शैली हा प्रकार कधी वापरलेला नसतो, कारण कागदावर छापून आल्यावर फरक दिसत नाही. फरक आजच्यासारख्या दिवशी दिसतो.

९ एप्रिल

शैली लावायच्या आधी हाताने दिलेली सजावट काढून टाकावी म्हणून फाइलची प्रत केली, सगळं निवडलं आणि कंट्रोल-एम दाबलं. बहुतेक मजकूर साधा होऊन जागेवर राहिला. तिसरं प्रकरण आणि दोन परिशिष्टं मात्र डोळ्यांदेखत इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या चिन्हांच्या राशीत बदलली.

म्हणजे तो भाग युनिकोडमध्ये (देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत) नाहीच. तो जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालाय, ज्यात इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवलेला असतो. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट काढला की खालचं खरं रूप बाहेर. महाराष्ट्रातल्या डीटीपीवाल्यांनी आणि सरकारी टेबलांनी अनेक वर्षं अशाच फॉन्टांवर काम केलं, त्यामुळे जुन्या अहवालातून उचललेला भाग नव्या फाइलीत असा बेमालूम मिसळलेला सापडतो. तिसरं प्रकरण पूर्वीच्या पाणलोट अहवालातून आलंय, हे त्यावरून कळलं. कुठला मजकूर खरा युनिकोड आहे हे एका फटक्यात ओळखायला प्रतीवर केलेलं कंट्रोल-एम उत्तम. (मूळ फाइलीवर करू नये, हे वेगळं सांगायला नको.)

कन्व्हर्टरने भाग युनिकोडमध्ये आणला. पण कन्व्हर्टरवर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, कारण ती डावीकडे दिसते; रफार अक्षरानंतर असतो, कारण तो उजवीकडे वर दिसतो. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. कन्व्हर्टरला हे उलटवावं लागतं आणि जोडाक्षर आलं की तो अडखळतो. 'स्थिती' आणि 'क्षारीकरण' तपासले, 'पर्जन्य' तपासला. सगळ्यात जास्त चुका अर्ध्या र च्या. 'दऱ्या' चं 'दर्या' झालेलं, 'किनाऱ्यावरील' चं 'किनार्यावरील'. ओढ्याकाठच्या जमिनींवरच्या परिशिष्टात हे पदोपदी. शोधून बदलायला सोपं नाही, कारण 'कार्य', 'सूर्य', 'आचार्य' बरोबर असतात. एकेक बघावं लागलं.

दुपारनंतर आमच्या दादाला मोठ्याने वाचायला बसवलं. मी पडद्यावर, तो छापील प्रतीवरून. माणसाने वाचताना अडखळणं हा अजूनही सगळ्यात खात्रीचा शुद्धलेखन तपासनीस आहे.

११ एप्रिल

शीर्षकं लावली. प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल-१, पोटविभागावर कंट्रोल-२, त्याखालच्यावर कंट्रोल-३. छापील प्रत शेजारी असली की काम झपाझप होतं.

एक अडचण आकड्यांची. '३.२ पर्जन्यमान' यातला '३.२' हाताने टाइप केलेला. तो तसाच स्लाइडवर गेला असता. शोधा-बदला मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (ठरावीक शब्दाऐवजी नमुन्याने शोधायची सोय) चालू करून ^[०-९.]+ आणि त्यापुढे एक मोकळी जागा, असं शोधलं, बदलाच्या चौकटीत काही नाही. ओळीच्या सुरुवातीचे आकडे पकडले जातात. पण 'रिप्लेस ऑल' टाळलं. दुष्काळावरचा एक परिच्छेद '२०१८ च्या दुष्काळात' असा सुरू होतो. सगळं एकदम बदललं असतं तर साल गिळलं गेलं असतं. एकेक बघत बदलले. छापील अहवालाला क्रमांक हवेतच, ते टूल्स मेन्यूतल्या हेडिंग नंबरिंगमधून आपोआप दिले.

आता एफ ५ दाबल्यावर नॅव्हिगेटरमध्ये अख्खा आराखडा फांद्यांसकट दिसतो. प्रकरण धरून वरखाली ओढलं की त्याखालचा मजकूरही सोबत सरकतो. भाऊसाहेबांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग अनुक्रमणिका पण आपोआप होईल का?" होईल. त्यांना स्लाइडपेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला.

१२ एप्रिल, हनुमान जयंती

काम नाही. फायलींची प्रत पेनड्राइव्हवर.

१५ एप्रिल

सेंड, आउटलाइन टू प्रेझेंटेशन. क्षणात स्लाइड तयार. मग एकेक बघितली.

पहिली: 'प्रस्तावना'. खाली काही नाही. दुसरी: 'गावाची पार्श्वभूमी', खाली 'भौगोलिक स्थान', 'लोकसंख्या', 'जमिनीचा वापर'. तिसरी: 'पर्जन्यमान विश्लेषण'. पाचव्या प्रकरणाला पोटविभागांची एवढी दाटी की इम्प्रेसने अक्षरं गपचूप बारीक करून सगळं एका स्लाइडमध्ये कोंबलं. मजकूर मावत नसेल तर आकार आपोआप कमी करायची सोय तिथे मुळातच चालू असते. ती आधी बंद केली. मावत नाही हे मला कळायला हवं, ते माझ्यापासून लपवायला नको.

पाचव्या प्रकरणासाठी इम्प्रेसमधलं 'एक्स्पांड स्लाइड' वापरून बघितलं. स्लाइडवरच्या प्रत्येक मुख्य मुद्द्याची वेगळी स्लाइड होते आणि खालच्या पातळ्या एकेक वर सरकतात. चांगलं चालतं, पण ते इम्प्रेसमध्ये केलं की दस्तऐवज आणि स्लाइड यांचा धागा तिथे तुटतो. म्हणून मागे रायटरमध्ये जाऊन पोटविभागांनाच पहिली पातळी दिली.

यातून आराखड्याच्या दोन प्रती झाल्या. 'शासन प्रत' ठरलेल्या नमुन्यातली. तिची प्रकरणं, क्रम, नावं बदलायची नाहीत. आणि 'सभा प्रत', जिचा सांगाडा सभेत बोलायच्या क्रमाने. मजकूर आणि तक्ते तेच.

तांत्रिक काम इथे संपल्यासारखं वाटतं, पण स्लाइड अजून काहीच सांगत नाहीत. 'पर्जन्यमान विश्लेषण' वाचून गावातल्या कुणालाही पावसाबद्दल काय कळणार?

१६ एप्रिल

दुसरा पर्यायही तपासला: त्याच मेन्यूतलं 'ऑटोअ‍ॅबस्ट्रॅक्ट टू प्रेझेंटेशन'. यात किती पातळ्यांची शीर्षकं घ्यायची आणि प्रत्येकाखालचे किती परिच्छेद घ्यायचे, हे विचारतात. नावावरून वाटतं तसा तो सारांश काढत नाही; मोजून पहिले परिच्छेद उचलतो. आपल्या अहवालांत पहिला परिच्छेद जवळपास नेहमी 'सदर प्रकरणामध्ये' ने सुरू होतो आणि त्यात काहीच नसतं. पत्रकारासारखं मुद्दा आधी लिहिणाऱ्याच्या दस्तऐवजावर हे कदाचित सुंदर चालेल. आमच्यावर नाही.

१७ एप्रिल

सभा प्रतीची शीर्षकं पुन्हा लिहायला बसले. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये न होणारा भाग हाच. नियम एकच ठेवला: शीर्षक म्हणजे पूर्ण वाक्य, आणि सभेत मागच्या रांगेत बसलेल्या माणसाने फक्त तेवढंच वाचलं तरी चालावं.

'पर्जन्यमान विश्लेषण' चं झालं 'पाऊस पडतो, पण मोजक्या दिवसांत पडून वाहून जातो'.

'भूजल पातळीतील हंगामी चढउतार' चं 'दिवाळीला भरलेली विहीर होळीनंतर तळ दाखवते'.

'अस्तित्वातील संरचनांची सद्यःस्थिती' चं 'बंधारे आहेत, पण गाळाने भरलेत'.

'ताळेबंद' चं 'जमेपेक्षा खर्च जास्त'.

'पीकनिहाय सिंचन मागणी' चं 'सगळ्यात जास्त पाणी उसाला जातं'.

शीर्षक बदललं की त्याखालचे मुद्देही आपोआप गळतात. वाक्याला आधार देणारे दोन-तीन ठेवले, बाकीच्यांना साधा मजकूर केलं (कंट्रोल-०), म्हणजे ते दस्तऐवजात राहिले पण स्लाइडवर येणार नाहीत. बोलणाऱ्याला हवे तेव्हा छापील प्रतीत सापडतील. पातळी खाली उतरवणं आणि वर चढवणं, एवढ्यावरच संपादन. हे फार आवडलं.

पुन्हा सेंड केलं. आता नुसती स्लाइडांची नावं ओळीने वाचली तरी गोष्ट कळते.

१९ एप्रिल

गावात जाऊन सरपंचताईंना आणि भाऊसाहेबांना कच्ची प्रत लॅपटॉपवर दाखवली. बंधाऱ्यांच्या स्लाइडपर्यंत मान हलत होती. उसाची आल्यावर सरपंचताई थांबल्या.

"हे खरंय, ताई. पण भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं तर सभा तिथंच अडकेल. गाळ राहिला बाजूला."

मी म्हटलं, अहवालात हेच आहे, तुमच्या सहीनिशी.

"अहवालात तक्ता आहे. तक्ता कोण वाचतंय?"

भाऊसाहेब छताकडे बघत होते.

त्यांचं म्हणणं मला पटलं नाही, पण ते चुकीचंही नाही. पन्नास पानांतल्या तक्त्यात कुठलीही गोष्ट बिनबोभाट मावते. तीच चाळीस पॉइंटमध्ये वाक्य करून लिहिली की कुणीतरी ती म्हटली असं होतं, आणि कोण म्हणालं ते सभा विचारते. अहवाल कुणाच्या तोंडचा नसतो. स्लाइडला तोंड असतं, आणि ते बोलणाऱ्याचं. इथे बोलणार सरपंचताई आहेत, मी नाही. त्यांच्या गावात, त्यांच्या भावकीसमोर.

बऱ्याच चर्चेनंतर शीर्षक ठरलं: 'कोणत्या पिकाला किती पाणी'. वाक्य नाही, माझा नियम मोडला. बदल्यात मी एक मागून घेतलं: खालचा तक्ता अकारविल्हे न लावता पाण्याच्या मापाने उतरता लावायचा. पहिली ओळ कुणाची हे सगळ्यांना दिसेल, आणि म्हणायची जबाबदारी कुणावर येणार नाही. ताई हसल्या. "ते चालेल. तक्त्याशी कोण भांडतंय."

२१ एप्रिल

मापांचा घोळ. अहवालात सगळं पाणी टीसीएममध्ये, म्हणजे हजार घनमीटरमध्ये. गावात टीएमसी सगळ्यांना माहीत, कारण कोयनेत, उजनीत, जायकवाडीत किती टीएमसी साठा झाला ते दर पावसाळ्यात बातम्यांत ऐकतात. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, सुमारे २८३२ कोटी लिटर. टीसीएम म्हणजे १० लाख लिटर. अक्षरं तीच, क्रम उलटा, आणि दोघांत जवळपास २८ हजारपट फरक. स्लाइडवर टीसीएम लिहिलं तर निम्मी सभा आपल्या गावात धरण असल्यासारखे आकडे वाचेल.

उपाय सोपा निघाला, कारण हिशोब गोल आकड्यांत येतो. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, बरोबर एक दहा-हजारी टँकर. १०० हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १ टीसीएम, म्हणजे शंभर टँकर. टँकर गावाने बघितलाय, त्याच्यामागे हंडे घेऊन धावलंय. सभा प्रतीत सगळीकडे टँकर केलं आणि पहिल्याच स्लाइडला ते गणित ठेवलं. पिण्याच्या पाण्याचा हिशोब जल जीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटर या मापाने आधीच होता. तो तसाच ठेवला, लिटर सगळ्यांना कळतं.

शासन प्रतीत टीसीएमच.

२२ एप्रिल

रूप. मास्टर स्लाइडवर (सगळ्या स्लाइडांचं रूप ठरवणाऱ्या साच्यावर) काम केलं, एकेका स्लाइडवर नाही.

देवनागरीत काम करणाऱ्याला लिबरऑफिसमध्ये एक गोष्ट माहीत नसेल तर डोकं फिरतं: प्रत्येक शैलीत फॉन्ट दोनदा निवडायचा असतो, एकदा पाश्चात्त्य लिपीसाठी आणि एकदा 'सीटीएल' म्हणजे आपल्यासारख्या लिप्यांसाठी. वरच्या चौकटीत आकार ४० केला आणि पडद्यावर काहीच हललं नाही, हलले ते फक्त 'जीपीएस' सारखे इंग्रजी अक्षरांतले शब्द. सीटीएलची चौकट दिसत नसेल तर टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' वर खूण करायची आणि तिथेच मराठी निवडायची.

मराठी निवडायचं आणखी एक कारण. चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी भरलेली असतात. मजकुराची भाषा हिंदी असेल तर हिंदी वळणाचा ल येतो, मराठी असेल तर आपला. दादाला हा फरक दाखवला तर म्हणाला, "सभेत कुणाला कळणारे?" कळणार नाही. तरी केलं.

फॉन्ट मुक्ता घेतला. मोफत आहे, मुंबईच्या एक टाइपचा आहे, जाड वजनात जोडाक्षरं तुंबत नाहीत. मुद्द्यांचा आकार ३२ च्या खाली नाही. ओळींमधलं अंतर 'फिक्स्ड' ठेवलं तर वरची मात्रा आणि खालचा उकार छाटला जातो ('कृषी' चा ऋकार अर्धा गायब), म्हणून 'प्रपोर्शनल' आणि शंभराहून थोडं जास्त. पार्श्वभूमी पांढरी, अक्षरं काळी. हिरव्या डोंगरांचा फोटो मागे ठेवायचा प्रस्ताव आला होता. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

२४ एप्रिल

तक्ते, आलेख, फोटो. यातलं काहीही सेंडने येत नाही, ते हातानेच.

तक्त्यांची मोडतोड केली: अहवालात नऊ स्तंभ, स्लाइडवर तीन. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं यात काही नाही.

विहिरींचा आलेख मात्र. निरीक्षण विहिरींच्या नोंदी 'जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली, मीटरमध्ये' अशा आहेत. कॅल्कमध्ये (लिबरऑफिसमधला एक्सेलसारखा भाग) सरळ आलेख काढला तर ऑक्टोबरपासून मेपर्यंत रेघ वर चढत जाते. बघणाऱ्याला वाटतं, पाणी वाढलं. खोली वाढतेय, म्हणजे पाणी उतरतंय. उभ्या अक्षाच्या स्केलमध्ये 'रिव्हर्स डायरेक्शन' वर खूण केली; शून्य वर गेलं आणि रेघ खाली उतरू लागली. आता आलेख विहिरीत डोकावल्यासारखा दिसतो. मीटरचे फूट केले (३.२८ ने गुणून). गावात विहीर परसात, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात, मोजतात, ते करावंसं वाटत होतं, पण परस कुणाचा किती यावर तिथेच वाद होईल.

२५ एप्रिल

ग्रामपंचायतीच्या लॅपटॉपवर पॉवरपॉइंट आहे, म्हणून पीपीटीएक्समध्ये सेव्ह करून तिथे उघडलं. तिथे मुक्ता नसल्याने दुसराच फॉन्ट आला आणि ओळी वेगळ्या जागी तुटल्या. 'होळीनंतर तळ दाखवते' मधलं 'दाखवते' एकटंच खाली. पेनड्राइव्हवरून मुक्ता बसवला, सगळं जागेवर आलं.

जाता जाता भाऊसाहेबांना पॉवरपॉइंटची वाटही दाखवली, कारण पुढच्या वेळी ते हे काम स्वतः करतील. तिथे 'न्यू स्लाइड' खालच्या यादीत तळाशी 'स्लाइड्स फ्रॉम आउटलाइन' आहे. वर्डची फाइल बंद करून तिच्याकडे बोट दाखवायचं. नियम तोच: हेडिंग १ म्हणजे स्लाइडचं नाव, हेडिंग २ म्हणजे मुद्दा, साधा मजकूर गळून जातो. फाइलीत शीर्षकांच्या शैलीच नसतील तर उलट होतं आणि प्रत्येक परिच्छेदाची एक स्लाइड बनते. भाऊसाहेबांनी आपल्या जुन्या अहवालावर करून बघितलं. स्लाइडांची रांग संपेना. "म्हणजे आधी ते कंट्रोल-एकचं करायचं," ते म्हणाले. तेच.

२७ एप्रिल, रविवार

शाळेच्या हॉलमध्ये तालीम. खिडक्यांना पडदे नाहीत, सभा सकाळी. भिंत पिवळट. दोन गोष्टी तिथेच उडवल्या: आलेखातल्या निळ्या आणि हिरव्या रेघा (उजेडात एकच दिसतात, एक जाड काळी केली, दुसरी तुटक) आणि तळाशी छोट्या अक्षरांतली आमच्या संस्थेची ओळ. मागच्या भिंतीपाशी उभं राहून दादाने वाचून दाखवलं. तक्त्यातलं शेवटचं अक्षर वाचता आलं, पुरे.

सरपंचताईंनी एकदा पूर्ण बोलून बघितलं. स्लाइड न वाचता त्यावर बोलल्या. बंधाऱ्याच्या गाळाची गोष्ट त्यांनी स्वतःच्या सासऱ्यांच्या वेळेपासून सांगितली, ती आमच्या अहवालात नाही.

२९ एप्रिल

एप्रिलच्या नोंदी आल्या. काही विहिरींचे आकडे बदलले, ताळेबंदातली तूटही थोडी हलली. आकडे सभा प्रतीत बदलले, पुन्हा सेंड केलं. दर वेळी नवी प्रेझेंटेशन उघडते, जुनीत भर पडत नाही; म्हणजे हाताने केलेले तक्ते आणि आलेख तिच्यात नसतात. हे ठाऊक असल्याने ते आधीच वेगळ्या फाइलीत ठेवले होते. दोन्ही फाइली स्लाइड सॉर्टरमध्ये शेजारी उघडल्या, आलेख नवे करून जागच्या जागी आणून ठेवले, मास्टर लावला. चहा गार व्हायच्या आत झालं.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

घरी आमरस, त्यामुळे अर्धाच दिवस. पीपीटीएक्स, ओडीपी (इम्प्रेसची स्वतःची फाइल) आणि पीडीएफ, तिन्ही पेनड्राइव्हवर. पीडीएफ सगळ्यात महत्त्वाची. काहीही बिघडलं तरी ती तशीच उघडते. ओडीपीत फाइलच्या प्रॉपर्टीजमधून फॉन्ट एम्बेड केलेत. वीज गेली तर म्हणून मुख्य स्लाइडांचे ए३ आकाराचे प्रिंट.

आणखी एक छोटी फाइल केली: बंधाऱ्यांचे आणि विहिरींचे फोटो, एकामागून एक आपोआप फिरणारे. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल तेवढी लागतात, आणि ती भरेपर्यंत पडदा रिकामा राहतो.

२ मे

काल ध्वजवंदनानंतर सभा. वीज टिकली. फोटोंची फाइल ठरल्यापेक्षा जास्त वेळ फिरली. लोक आपापली विहीर ओळखत होते, त्यातच गणपूर्ती झाली.

मांडणी वीस मिनिटांत झाली नाही. गाळाच्या स्लाइडवरच बराच वेळ गेला आणि ठराव तिथेच झाला. पिकांच्या तक्त्यावर मागून एकाने विचारलं, "पहिली ओळ कशाची?" सरपंचताई म्हणाल्या, "वाचा की." हशा झाला. मग उसावर व्हायची ती चर्चा झालीच, पण गाळाचा ठराव आधी झालेला होता.

एका शेतकऱ्याने टँकरच्या गणितावर हरकत घेतली: त्याच्या रानातला पाऊस गावच्या पर्जन्यमापकापेक्षा कमी असतो. बरोबर आहे, ती नोंद दोन्ही प्रतींत घालायची.

करायचं: टँकरची आणि ताळेबंदाची स्लाइड मोठी छापून ग्रामपंचायतीच्या फलकासाठी द्यायची, भाऊसाहेबांनी मागितली आहे. मास्टर स्लाइड टेम्प्लेट म्हणून सेव्ह. रायटरच्या शैलींचं टेम्प्लेट शेजारच्या गावांचे आराखडे टाइप करणाऱ्या दोघींना आजच पाठवायचं, त्यांनी तिसरं प्रकरण जुन्या फाइलीतून चिकटवायच्या आधी.